घोडनदी ते दौंड : जुन्या वस्तूंच्या वाटेने

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने शिक्रापूर आणि रांजणगावचा महागणपती मागे टाकला की घोड नदीच्या अलीकडच्या तीरावर शिरूर लागते. सरकारी दप्तरातील नाव शिरूर. परंतु जुन्या घरांतून, विशेषतः आपल्या समाजाच्या घरांतून, या गावाला आजही ‘घोडनदी’च म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे इंग्रजांची लष्करी छावणी होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे लढलेली कॅप्टन स्टाँटन यांची फौज याच छावणीतून निघाली होती. १८०९ साली येथे मृत्यू पावलेल्या कर्नल वॉलेस यांच्या थडग्याला तर गावकऱ्यांनी ‘सत्पुरुष’ म्हणून मान दिला. छावणीमागून बाजारपेठ वाढली, बाजारपेठेच्या आधाराने मारवाडातून व गुजरातेतून आलेली व्यापारी कुटुंबे येथे स्थिरावली, आणि त्यांनी आपल्या रीतीची घरे बांधली. रस्त्याला लागून ओटा, ओट्यावर पेढी, आत चौक, चौकाभोवती खोल्या, वर माडी आणि धान्यासाठी बळद.

ही घरे आता ओस पडत आहेत. नवी पिढी पुण्याला, मुंबईला, बंगळूरला गेली. पेठेतील अरुंद गल्ल्यांतून जुनी घरे उतरवून चार-चार मजली इमारती उभ्या राहात आहेत. घर पाडावयाचे तर परवानगी लागते, नकाशे लागतात, महिनोन्महिने जातात. घरातील वस्तू मात्र एका दुपारी वजनावर विकल्या जातात. शंभर वर्षे घरातील माणसांना अंगावर वागविलेला पलंग सरपणाच्या भावाने टेम्पोत चढतो. असा प्रकार सुपे, राहू, यवत, केडगाव येथील कितीतरी घरांतून झाला असेल.

माझ्या सासुरवाडीचे घोडनदीचे घर गेल्या होळीनंतर रिकामे करावयाचे ठरले. चार भाऊ, दोन बहिणी; सर्वांची घरे निरनिराळ्या गावी. थोरल्या मेहुण्यांनी, ज्यांना सारे भाईसा म्हणतात, मला मुद्दाम बोलावून घेतले. “जवाईसा, तुम्ही बँकेत आयुष्यभर याद्या केल्यात. आमचीही एक यादी करून द्या,” एवढेच ते म्हणाले. त्या यादीच्या निमित्ताने दोन दिवस घोडनदीला आणि तिसरा दिवस दौंडच्या वाटेवर गेला.

यादी करताना प्रथम ध्यानात आले ते असे की, घरातील सर्वांत मौल्यवान समजलेली वस्तू क्वचितच सर्वांत जुनी असते. दिवाणखान्यातील चकचकीत कोरीव कोच गेल्या चाळीस वर्षांतला निघाला, आणि माडीवर जुन्या वर्तमानपत्रांखाली दडलेला बाजोट घरातील सर्वांत जुन्या वस्तूंपैकी एक. जुनी वस्तू ओळखावयाची असेल तर तिचा दर्शनी भाग पाहू नये. उलटी करून तळ पाहावा. खणाच्या तळफळीवर हाताच्या रंध्याचे किंचित वरखाली झालेले पट्टे बोटांना लागतात. यंत्रावरच्या फळीला असा चढउतार नसतो. जुन्या जोडांत एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून वर लाकडी खुंटी ठोकलेली असते, स्क्रू नसतात. झीजही खरी की खोटी ते कळते. खुर्चीचे हात, उंबऱ्याचा मध्य, पेटीच्या झाकणाची पुढील कड येथे झीज असली तर ती माणसांची. सर्वत्र सारखी झीज असली तर ती कारागिराने काचकागदाने आणलेली. वजनही बोलके असते. शिसवीची लहानशी तिवईसुद्धा एका हाताने उचलताना मनगट वाकते.

पलंग सागवानी होता. त्याच्या प्रत्येक पायावर आणि पट्टीवर, जोडाच्या आतील बाजूस, पटाशीने पाडलेल्या बारीक रेघा होत्या : एक, दोन, तीन, चार. ज्या सुताराने तो घडविला, त्याने कोणता पाय कोणत्या पट्टीत बसतो याची खूण पुढच्या सुतारासाठी करून ठेवली होती. पलंग कधीतरी सोडवावा लागेल, दुसऱ्या घरी जावा लागेल, हे त्या अनामिक माणसाने गृहीत धरले होते. आम्हीही तेच केले. सोडविण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घेतली, प्रत्येक भागाला सुतळीने चिठ्ठी बांधली आणि खुंट्या एका कापडी पिशवीत एकत्र ठेवल्या. कोणाही घराला ही रीत उपयोगी पडेल.

पेढीवरच्या वस्तूंत मुनिमाची उतरत्या झाकणाची पेटी होती. गादीवर मांडी घालून बसावे, पेटी पुढे घ्यावी, झाकणावर वही ठेवून लिहावे आणि झाकणाखाली दौत, टाक, मोड व पावत्या ठेवाव्यात, अशी तिची रचना. शेजारी लोखंडी तिजोरी. आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलुपांचा कारखाना काढला आणि पुढे १९०२ पासून तिजोऱ्या बनविण्यास आरंभ केला. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत झालेल्या महाभयंकर स्फोटाच्या आगीतून त्या तिजोऱ्यांतील कागद सुखरूप निघाले, अशी त्यांची ख्याती झाली. तेव्हापासून व्यापारी घरांत त्यांना जवळजवळ कुलदेवतेचा मान मिळाला. भाईसांच्या तिजोरीत मात्र आता किल्ल्यांचा एक जुडगा आणि आजोबांचा चष्मा, एवढेच होते.

वह्या मोठ्या होत्या, लाल कापडाच्या बांधणीच्या, लांबट, दोरीने गुंडाळलेल्या. अक्षर महाजनी. घरातील एकालाही ते वाचता येत नव्हते. एका भाच्याने त्या रद्दीत घालण्याचे सुचविले, तेव्हा मला राहवले नाही. या मुलखात वह्यांना वेगळा अर्थ आहे. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि पाहता पाहता शिरूर, इंदापूर, पारनेर, श्रीगोंदे या भागांत पसरला. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्या उठावात लोकांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, सावकाराच्या कर्जरोख्यांवर व वह्यांवर होता. ते कागद हिसकावून जाळण्यात आले. त्यातूनच सरकारची चौकशी झाली आणि १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. त्या वणव्यातून आणि पुढच्या दीडशे वर्षांच्या वाळवीतून जी वही वाचली, ती केवळ आपल्या घराची नाही. ती या मुलखाची आहे. पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला अशा वह्या दाखवाव्यात, निदान जाणकाराने पाहिल्यावाचून त्या टाकू नयेत, असे मी सुचविले. भाईसांनी सर्व वह्या कोऱ्या मांजरपाटात बांधून बाजूला ठेवविल्या.

येथवर यादी सरळ चालली होती. माळ्यावर भांडी उतरवताना ती अडली. आपल्याकडे भांड्यांवर नावे कोरण्याची पद्धत आहे; त्यामुळे कोणता हंडा आजीच्या माहेरचा आणि कोणती परात कोणाच्या लग्नातली, हे भांडेच सांगते. पंधरा-वीस भांडी अशी ओळखीची निघाली. एका तांब्याच्या हंड्यावर मात्र घराण्यातले नाव नव्हते. भीमेच्या अलीकडील एका गावचे नाव आणि त्याखाली एका शेतकरी कुळाचे आडनाव होते. हंडा आत कल्हईवाचून काळा पडला होता, काठ एका जागी चेपलेला होता. तो गहाण म्हणून आला असावा, हे कोणी बोलले नाही आणि सर्वांना समजले.

काही क्षण कोणाला काय बोलावे कळेना. धाकटे मेहुणे म्हणाले, “एवढी वर्षे झाली. कायद्यानेही आता काही उरत नाही.” तसे पाहिले तर ते खरे होते. जुन्या दाव्यांना मुदत असते, आणि ती केव्हाच टळून गेली होती. परंतु १८७२ च्या करार कायद्यात तारण ठेवलेल्या वस्तूविषयी जे मूळ तत्त्व आहे, ते मी चाळीस वर्षे बँकेत पाळत आलो होतो : तारण ठेवलेली वस्तू आपल्या ताब्यात असते, आपल्या मालकीची नसते. ऋण फिटले की ती परत जाते. ऋण फिटले की नाही, ते सांगणारी नोंद येथे कोणाला वाचता येत नव्हती.

भाभीसा इतका वेळ चौकात धान्याचे डबे रिकामे करीत बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “आपण रोज प्रतिक्रमणात पाडिहारिय म्हणतो, ते काय फक्त महाराजसाहेबांच्या पाटासाठी?” आणि पुन्हा कामाला लागल्या.

या शब्दाचा अर्थ वाचकांपैकी अनेकांना ठाऊक आहे. श्रावकाच्या बाराव्या व्रतात, अतिथिसंविभागात, साधुसाध्वींना गृहस्थाने द्यावयाच्या वस्तूंचे दोन प्रकार येतात. आहार, पाणी, वस्त्र, पात्र या दिल्या की दिल्या. पीठ, फलक, शय्या आणि संथारा, म्हणजे बसावयाचा पाट, झोपावयाची फळी, राहावयाची जागा आणि अंथरावयाचे गवत, या मात्र ‘पाडिहारिय’, म्हणजे काम होताच परत करावयाच्या. चातुर्मास संपला की महाराजसाहेब पाट जसा घेतला तसा, पुंजून, झाडून, मालकाला परत करतात आणि मगच विहार करतात. घरातले सगळे लाकूडसामान, ज्याला पाचव्या व्रतात ‘कुविय’ म्हटले आहे आणि ज्याची मर्यादा करावयास सांगितले आहे, ते आपणही आपल्या आयुष्याच्या चातुर्मासापुरते वापरीत असतो. ज्याने पलंगाच्या जोडांत रेघा पाडल्या त्या सुताराला हे आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असावे. हंडा परत करावयाचा, हे ठरले.

बाकीच्या वस्तूंची वाटणीही भाभीसांनीच एका वाक्यात केली : “ज्याच्या घरी वापर, त्याच्या घरी वस्तू.” किंमत लावून वाटण्या केल्या असत्या तर भांडण झाले असते, मोठ्या-धाकट्याच्या मानाने केल्या असत्या तर अबोला झाला असता. वापर विचारला, तेव्हा बहुतेक उत्तरे आपोआप मिळाली. पलंग नाशिकच्या भावाकडे, कारण तेथे तळमजल्यावर मोठी खोली आहे. झोपाळा कोणालाच नेता येईना. सदनिकेच्या छताला कडी ठोकणे धोक्याचे. शेवटी तो गावातल्याच एका नात्यातील घरी, जेथे लहान मुले आहेत, तेथे दिला. तिजोरी धाकट्यांच्या दुकानात गेली. घरात नेली असती तर तिचे वजन फरशीला पेलेल की नाही, हा प्रश्नच होता. मुनिमाची पेटी एका भाचीने मागितली, ती सनदी लेखापाल आहे; आणि त्या पेटीला यापरते योग्य घर मिळाले नसते. अमेरिकेतील पुतण्याला हस्तिदंताची कड असलेली छोटी डबी हवी होती. त्याला समजावून सांगावे लागले की, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, शंका असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांचा दाखला घ्यावा लागतो. आणि हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला वन्यजीव कायद्याने बंदी आहे. आपल्या शास्त्रांनी पंधरा कर्मादानांत ‘दंतवाणिज्य’ केव्हाच वर्ज्य सांगितले आहे, हे भाईसांनी हसत जोडले.

वस्तू गेल्या त्या घरी त्यांची निगा कशी राखावी, याविषयी येथे थोडे सविस्तर लिहितो. कारण निगेच्या बाबतीत आपल्या घरांचा प्रश्न इतरांपेक्षा निराळा आहे. बाजारात सांगितले जाणारे बहुतेक उपाय आपल्या आचारात बसत नाहीत. जुन्या फर्निचरला चकाकी आणणारे पॉलिश चपड्याचे असते, आणि चपडा म्हणजे लाख. ती असंख्य सूक्ष्म कीटकांपासून मिळते. ‘लाक्षावाणिज्य’ हेही पंधरा कर्मादानांपैकीच. दुसरा उपाय मधमाश्यांच्या मेणाचा, तोही आपल्याला नको. सांधे जोडण्यासाठी सुतार पूर्वी सरस वापरीत. तो जनावरांची कातडी व हाडे उकळून काढतात. १९५९ साली बळवंतराय पारेख यांनी फेविकॉल बाजारात आणले आणि सुताराच्या घरातील सरसाचे पातेले चुलीवरून उतरले. तरीही जुन्या जोडात तेही शक्यतो घालू नये, कारण एकदा घातले की पुढच्या पिढीच्या सुताराला जोड न मोडता सोडवता येत नाही. ढिला जोड आवळण्यास त्याच जातीच्या लाकडाची बारीक पाचर पुरते.

चकाकीसाठी जवसाचे तेल उत्तम. मऊ सुती कापडाने अगदी पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने उरलेले पुसून घ्यावे आणि दोन-तीन दिवस वस्तू धुळीपासून दूर वाऱ्यावर ठेवावी. येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकले तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. म्हणून ते कापड उघड्यावर सपाट पसरून वाळवावे. पेटलेला बोळा घराचे नुकसान करील ते करीलच, जीवहिंसाही घडवील.

वाळवी, भुंगेरे, ढेकूण आणि कसर यांचे काय करावे, हा खरा कठीण प्रश्न. ढेकूण झालेली बाज कडक उन्हात टाकावयाची नाही, औषध फवारावयाचे नाही, उकळते पाणी ओतावयाचे नाही, हे आपल्या आजीने आपल्याला शिकविले. मग तिच्या घरातला पलंग शंभर वर्षे कसा टिकला? तो टिकला, कारण तिने त्यात जीव पडूच दिला नाही. दररोज पुंजणीने झाडणे, पंधरवड्याने गादी उचलून पट्ट्यांच्या फटी पाहणे, पावसाळ्याआधी पेटी रिकामी करून तळ पुसणे, ही तिची निगा होती. साधुसाध्वी दिवसातून दोन वेळा आपल्या वस्त्रपात्रांचे प्रतिलेखन करतात, एकेक वस्तू उलटून-पालटून डोळ्यांनी पाहतात. तीच रीत घरच्या मापाने घरात होती. जयणा ती हीच. जीव पडल्यानंतरचे जवळजवळ सारे उपाय दोषाचे आहेत; पडण्याआधीचे सारे उपाय निर्दोष आणि फुकट आहेत.

ते उपाय साधे आहेत. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे घ्यावे, म्हणजे मागून वारा खेळतो आणि ओल धरत नाही. पायांखाली दगडी किंवा धातूच्या चकत्या ठेवाव्यात. वाळवी जमिनीतून येते आणि तिला ओलावा लागतो. मुंग्यांसाठी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवू नयेत, त्यांत जीव बुडतात. पायाशेजारी भुग्याची बारीक रास दिसली तर ती वस्तू लगेच इतरांपासून वेगळी करावी आणि जाणत्या मिस्त्रीला दाखवावी. जरीच्या साड्या, चंद्रवे, पुठिये घडी घालून ठेवू नयेत, घडीवर जर तुटते. लाकडी दांड्यावर कोऱ्या सुती कापडासह गुंडाळावेत. डांबराच्या गोळ्यांऐवजी वेखंडाची कांडी किंवा सावलीत वाळविलेला कडुनिंबाचा पाला पातळ पिशवीत ठेवावा. त्याच्या वासाने कसर दूर राहते.

हवेचाही विचार हवा. शिरूर आणि दौंड हे तालुके पर्जन्यछायेत आहेत. येथे वर्षाला पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. येथील लाकूड कोरड्या हवेला सरावलेले असते. ते मुंबईला नेले की फुगते, खण अडकू लागतात आणि मालक घाईने रंधा मारून घेतो. पुढे हिवाळ्यात तोच खण खुळखुळतो. निदान एक पावसाळा व एक उन्हाळा जाऊ द्यावा, मग हत्यार लावावे. वातानुकूलित खोलीतील थंड झोत जुन्या फळीवर थेट येऊ देऊ नये, फळी तडकते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हंडा घेऊन निघालो. शिरूरहून न्हावरे, आंधळगाव आणि पुढे भीमा ओलांडून पारगाव, केडगाव, चौफुला असा रस्ता आहे. दुतर्फा ऊस आणि कांदा. ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागे गाड्यांच्या रांगा. न्हावऱ्याच्या परिसरातच घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथे १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले आणि ख्रिस्तपूर्व १६०० ते ७०० च्या सुमाराची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. जमिनीखालून वर आले ते कुडाच्या घरांचे तळ, चुली, धान्य साठविण्याच्या जागा आणि रांजण. तीन हजार वर्षांनंतर त्या माणसांची ओळख त्यांच्या घरगुती वस्तूंनीच दिली.

आम्ही ज्या गावी गेलो तेथे त्या आडनावाची सहा घरे होती. चावडीवर विचारणा झाली, दोन-तीन वयस्कर मंडळी जमली, आणि कोरलेल्या आडनावापुढील मूळ पुरुषाच्या नावावरून घर निघाले. घरात एक आजी होत्या, त्यांचा मुलगा आणि नातसून. मुलाला हे सारे विचित्र वाटले. त्याने दोनदा विचारले की आम्ही भांडी विकावयास आलो आहोत का. आजींनी हंडा जवळ ओढला, अक्षरांवरून अंगठा फिरविला आणि म्हणाल्या, “आमच्या सासूबाई म्हणायच्या, दुष्काळात हंडा गेला म्हणून. कुठे गेला ते काय सांगितलं नाही.” मग थोड्या थांबून त्यांनी भाईसांना विचारले, “किती द्यायचं राहिलंय आमच्याकडनं?”

भाईसांनी हात जोडले आणि म्हणाले, “माय, आमच्या वहीत काही नाही. असलं तर आमच्याकडनंच राहिलंय.” याहून अधिक कोणी काही बोलले नाही. चहा झाला. आम्ही निघालो तेव्हा नातसून अंगणात चिंच लावून हंडा घासू लागली होती आणि चेपलेल्या काठाजवळ तांबे उजळू लागले होते.

दौंडला पोचेपर्यंत दुपार टळली. शिरूर हे छावणीचे गाव, तर दौंड हे रेल्वेचे. १८५८ मध्ये पुण्याहून दिक्सळपर्यंत लोहमार्ग सुरू झाला, तो येथूनच गेला. १८७८ मध्ये मनमाडकडे फाटा निघाला आणि इंग्रजांच्या कागदांतील ‘धोंड’ मोठे जंक्शन झाले. गार्ड, ड्रायव्हर, फोरमन यांच्या चाळी व बंगले उभे राहिले. त्यांत अँग्लो-इंडियन कुटुंबे पुष्कळ होती. स्वातंत्र्यानंतर त्यांतील अनेक इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेली. अशा घरांतील लांब हातांच्या वेताच्या आरामखुर्च्या, गोल तिवया, टोपी-छत्री अडकविण्याचे स्टँड जाताना विकले गेले आणि गावातील डॉक्टर-वकील-व्यापाऱ्यांच्या ओसरीवर आले. म्हणून दौंडच्या एखाद्या शुद्ध मारवाडी घरात गादी-तक्क्यांशेजारी विलायती घाटाची खुर्ची दिसली तर नवल वाटू नये. ती दुसऱ्या कोणाच्या घराची आठवण आहे, आणि आपण तिची निगा राखीत आहोत.

अशीच एक खुर्ची आमच्याबरोबर होती. तिचा वेत मध्ये झोळीसारखा खाली आला होता. दौंडला वेत विणणारे एक वृद्ध मिस्त्री आहेत, असे भाईसांना ठाऊक होते. त्यांनी खुर्ची उलटी केली, पाहिली आणि नवा वेत घालण्यास नकार दिला. “तुटलेला नाही, नुसता सुकलाय,” ते म्हणाले. कोमट पाण्यात भिजविलेले फडके त्यांनी वेताच्या खालच्या बाजूस अर्धा तास लावून ठेवले आणि खुर्ची सावलीत ठेवून दिली. वाळताना वेत आखडतो आणि ताणला जातो. दोन तासांत बैठक बरीच वर आली. महिन्यातून एकदा खालून ओले फडके फिरवा, उन्हात ठेवू नका, एवढे सांगून त्यांनी फक्त चहापाण्याचे पैसे घेतले. नवा वेत घातला असता तर त्यांना अधिक मिळकत झाली असती.

ज्यांना नवे घर मांडावयाचे आहे त्यांनी एखादी वस्तू जुनी घ्यावी, अशी माझी विनंती आहे. तिच्यासाठी नवे झाड तोडावे लागत नाही. ‘वनकर्म’ हेही कर्मादानांतच आहे. पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात, शिरूर-दौंडच्या पेठांतील मोडीच्या दुकानांत धीराने पाहिले तर चांगला सागवान मिळतो. तळ पाहावा, जोड पाहावा, भुगा पाहावा आणि नंतरच भाव विचारावा. मात्र संग्रहासाठी संग्रह करू नये. दिनकर केळकर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावाने दिवे, अडकित्ते, दरवाजे, भांडी अशा हजारो वस्तू जमविल्या आणि १९७५ साली तो सारा संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. एवढे जमवूनही त्यांनी तो आपला ठेवला नाही, हे त्या संग्रहाचे खरे भूषण.

आपल्या घरात आज ज्या जुन्या वस्तू आहेत त्यांची एक यादी या चातुर्मासाआधी करावी. प्रत्येक वस्तूपुढे तीन गोष्टी लिहाव्यात : ती कोणाकडून आली, तिची निगा कशी राखावयाची, आणि आपल्यानंतर ती कोणाच्या वापराला द्यावयाची. पहिल्या रकान्यात परक्या घराचे नाव निघाले तर तिसरा रकाना भरणे सोपे आहे. वडीलधारी मंडळी बसली असताना, त्यांना विचारून, ही यादी पूर्ण करावी. कारण पहिल्या रकान्याची उत्तरे फक्त त्यांच्याकडे आहेत.